जीवनाची पोथी आणि तिचे वाचक : जैवमाहितीशास्त्रातील संशोधनाच्या वाटा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी १९६० च्या दशकात चार वर्षे बसलो. ते गणित शिकवीत. परंतु शाळेच्या वार्षिक अंकाची मुद्रिते तपासण्याचे कामही तेच करून घेत. दोन मुलांना समोरासमोर बसवीत. एकाच्या हाती मूळ हस्तलिखित, दुसऱ्याच्या हाती छापखान्यातून आलेले मुद्रित. पहिल्याने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने अक्षराखाली बोट धरून पाहायचे. चूक सापडली की गुरुजी विचारीत, "ही चूक झाली कशी?" खिळे जुळवणाऱ्याची नजर कोणत्या शब्दावरून कोणत्या शब्दावर घसरली, हे सांगता आले तरच सुटका होई. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो आणि जुन्या पोथ्यांच्या पाठचिकित्सेवर प्रबंध लिहून पीएच.डी. झालो. त्या अभ्यासाचे बीज या संध्याकाळच्या बैठकींत पडले, हे येथे कृतज्ञतेने नमूद करतो.

यंदाच्या व्याख्यानासाठी मी जैवमाहितीशास्त्र हा विषय सुचविला, तेव्हा कार्यवाहांनी तो दोनदा विचारून घेतला. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संगणक आणि जीवशास्त्र यांच्यावर बोलावे, हे त्यांना चमत्कारिक वाटले असल्यास नवल नाही. माझी कारणे दोन आहेत. गुरुजींनी जे शिकविले त्याच्याशी या शास्त्राचे नाते फार जवळचे आहे, हे पहिले. दुसरे कारण म्हणजे या विषयासंबंधी माझ्या हातून घडलेली एक चूक. तिची कबुली योग्य ठिकाणी देईन. आधी शास्त्राची ओळख करून घेऊ.

चार अक्षरांची पोथी

सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा जो लांबलचक रेणू असतो, तो चार घटकांच्या ओळीने बनलेला आहे. शास्त्रज्ञ त्यांना ए, टी, जी आणि सी या अक्षरांनी ओळखतात. मनुष्याच्या संपूर्ण जनुकसंचात अशी सुमारे तीन अब्ज अक्षरे आहेत. एका पानावर तीन हजार अक्षरे छापली, तर दहा लाख पाने होतील. पाचशे पानांचा एक खंड धरला, तर दोन हजार खंड. या ग्रंथात शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, अनुक्रमणिका नाही. आपल्या जुन्या पोथ्याही शब्द न तोडता सलग लिहिलेल्या असत. त्या वाचताना पदच्छेद कोठे करावा, हा पहिला प्रश्न पडे. जीवशास्त्रज्ञालाही तोच पडतो. या अखंड ओळीत जनुक कोठे सुरू होते आणि कोठे संपते?

या जनुकांतील मजकुरावरून पेशीत प्रथिने तयार होतात. प्रथिनांची वर्णमाला निराळी. तीत वीस अमिनो आम्ले आहेत. फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत इन्शुलिन या प्रथिनाचा संपूर्ण क्रम उलगडला आणि प्रथिनाची रचना नेमक्या अक्षरक्रमाची असते, हे सिद्ध केले. त्यासाठी १९५८ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. १९६५ मध्ये मार्गारेट डेहॉफ या विदुषींनी तोवर ज्ञात असलेले प्रथिनांचे क्रम एका ग्रंथात संकलित केले. त्यात अवघी ६५ प्रथिने होती. आज ज्यांना आपण जैविक माहितीसंचय म्हणतो, त्यांची ही आद्य प्रत होय. जैवमाहितीशास्त्र या अर्थाचा मूळ शब्द १९७० मध्ये पाउलिन होगेवेग आणि बेन हेस्पर या डच संशोधकांनी योजिला.

या कार्यात आपला देश मागे नव्हता. जी. एन. रामचंद्रन यांनी मद्रास येथे सहकाऱ्यांसह १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला आलेख, प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत नाही, हे दाखवितो. रामचंद्रन आलेख या नावाने तो आजही जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. १९८० च्या दशकात भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने देशभर जैवमाहिती केंद्रांचे जाळे उभारण्यास प्रारंभ केला. पुणे विद्यापीठातील केंद्र १९८७ मध्ये त्यातूनच सुरू झाले.

पाठ जुळवणे म्हणजे काय

या शास्त्राच्या गाभ्याशी जी क्रिया आहे, ती फळ्यावर मांडता येईल इतकी सोपी आहे. दोन लेखनिकांनी एकच वाक्य उतरवून घेतले, असे समजा. पहिल्याने लिहिले, "गुरुजी सकाळी शाळेत आले." दुसऱ्याच्या हातून एक अक्षर गळले आणि त्याने लिहिले, "गुरुजी सकाळी शात आले." पहिल्या ओळीत अकरा अक्षरे आहेत, दुसरीत दहा. आता एकाखाली एक ठेवून ती पडताळू लागलो, तर पहिली सात जुळतात आणि आठव्यापासून पुढे एकही जुळत नाही. एवढ्यावरून कोणी म्हणेल की ही वाक्ये अर्ध्यावरून निराळी झाली. परंतु दुसऱ्या ओळीत "शा" नंतर एक घर रिकामे सोडा. लगेच अकरापैकी दहा अक्षरे जागच्या जागी बसतात.

संगणकाला नजर नसते. त्याला हिशेब द्यावा लागतो. जुळलेल्या प्रत्येक अक्षराला एक गुण द्यावा, न जुळलेल्याचा एक वजा करावा, रिकाम्या घराचे दोन वजा करावेत. पहिल्या मांडणीत सात जुळली, तीन चुकली आणि शेवटी एक घर रिकामे राहिले; गुण होतात दोन. दुसऱ्या मांडणीत दहा जुळली, एक घर रिकामे; गुण होतात आठ. म्हणून दुसरी मांडणी अधिक ग्राह्य. अक्षरे अकरा असतील तर हे आपण कागदावर करू. ती काहीशे असतील, तर रिकामी घरे सोडण्याच्या शक्यता इतक्या वाढतात की एकेक करून तपासणे अशक्य होते. १९७० मध्ये नीडलमन आणि वुन्श यांनी यावर तोड काढली. दोन्ही ओळी तक्त्याच्या दोन बाजूंना मांडून प्रत्येक घराचा सर्वोत्तम गुण शेजारच्या तीन घरांवरून काढत जायचे. तक्ता पूर्ण भरला की उत्तम जुळणी आपोआप हाती येते. १९८१ मध्ये स्मिथ आणि वॉटरमन यांनी दोन ओळींतील केवळ सारखे तुकडे शोधण्याची रीत दिली. १९९० मध्ये ब्लास्ट ही आज्ञावली आली आणि प्रचंड माहितीसंचयातून आपल्या ओळीशी मिळतीजुळती ओळ थोड्या वेळात शोधणे शक्य झाले.

पुढची पायरी वंशवृक्षाची. पाठचिकित्सेत आम्ही एक नियम पाळतो. दोन पोथ्यांत शुद्ध पाठ सारखे असले म्हणून त्यांचे जवळचे नाते सिद्ध होत नाही, कारण शुद्ध पाठ मुळातूनच आलेला असतो. मात्र दोन्हींत तीच विशिष्ट चूक वारंवार आढळली, तर त्या एकाच चुकलेल्या प्रतीवरून उतरल्या असाव्यात. जीवशास्त्रातही नेमका हाच न्याय चालतो. मूळ अवस्थेतून बदललेली आणि समाईक असलेली अक्षरेच नाते सांगतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची सूत्रे १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर यांच्याकडे होती. संस्कृत विद्येकडे वळण्यापूर्वी त्यांनी केंब्रिजला गणिताचे शिक्षण घेतले होते, ही गोष्ट या संदर्भात मला फार अर्थपूर्ण वाटते. १९९८ मध्ये तर इंग्लंडमधील विद्वानांनी उत्क्रांतीच्या अभ्यासासाठी घडविलेल्या आज्ञावल्या चॉसरच्या काव्याच्या हस्तलिखितांना लावल्या आणि एका भागाच्या ५८ हस्तलिखितांचे वंशसंबंध तपासले. तो निबंध नेचर या विज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो वाचला त्या दिवशी गुरुजींची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

गळालेली पंचवीस अक्षरे

हा सगळा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न येथे कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर आपल्या शहरातच आहे. २००९ मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील, म्हणजे सीसीएमबीतील, संशोधकांसह एका मोठ्या गटाने असे दाखविले की, हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकात काही लोकांमध्ये सलग पंचवीस अक्षरे गळलेली असतात. भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत ही गळती आहे, आणि तिच्यामुळे हृदयस्नायूच्या विकाराचा धोका वाढतो. तीन अब्जांतील पंचवीस अक्षरे! कोणी तरी दोन पाठ समोरासमोर ठेवले, रिकामे घर नेमके कोठे सोडायचे ते ओळखले, म्हणूनच हे कळले.

सीसीएमबी आणि अमेरिकेतील सहकारी यांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६० हून अधिक समाजगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ८१ गट फार थोड्या पूर्वजांपासून वाढलेले आढळले. पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत विवाह होत राहिल्याने अशा गटांत एकच दोषयुक्त पाठ आई आणि वडील या दोघांकडून येण्याचा संभव वाढतो. आपल्यासारख्या दूर वसलेल्या, लहान आणि सोयरिकी जवळच्या जवळ करणाऱ्या समाजाने ही गोष्ट केवळ शास्त्रीय कुतूहल म्हणून वाचू नये.

करोनाची साथ आपण सर्वांनी भोगली. त्या विषाणूची पोथी जेमतेम तीस हजार अक्षरांची. तिचा पहिला पाठ १० जानेवारी २०२० रोजी जगापुढे आला. डिसेंबर २०२० मध्ये भारतात विषाणूचे पाठभेद टिपण्यासाठी दहा प्रयोगशाळांचा संघ स्थापन झाला. त्यांत हैदराबादच्या दोन आणि पुण्याच्या दोन संस्था होत्या. महाराष्ट्रातील नमुन्यांत ठळकपणे दिसू लागलेल्या एका वंशाची शाखा पुढे डेल्टा या नावाने जगभर पसरली. तो पाठभेद ओळखणारे लोक प्रयोगशाळेत नळ्या हाताळणारे होते, तसेच संगणकापुढे बसून ओळी जुळविणारेही होते.

शेतीचेही तेच. पाटणचेरू येथे १९७२ पासून असलेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पुढाकाराने तुरीचा जनुकसंच २०११ अखेरीस आणि हरभऱ्याचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२१ मध्ये हरभऱ्याच्या ३,३६६ वाणांचे पाठ एकत्र तपासण्यात आले. मराठवाड्यातील ज्या शेतकऱ्याचे वर्ष या दोन पिकांवर अवलंबून असते, त्याच्यासाठी मर रोगाला दाद न देणारे किंवा कमी पाण्यावर तग धरणारे वाण लवकर हाती यावे, हा या वाचनाचा हेतू.

मानवी जनुकसंचाचा पहिला मोठा प्रकल्प १९९० पासून २००३ पर्यंत चालला. आज एका माणसाचा पाठ काही दिवसांत मिळतो. भारत सरकारच्या जीनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे पाठ मिळविण्याचे काम हाती घेतले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. ती फरिदाबाद येथील भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवली आहे. पोथ्यांचे भांडार भरभरून वाढले आहे. वाचक मात्र त्या मानाने थोडे आहेत. नोकरीच्या संधी निर्माण होतात त्या या तफावतीतून.

माझा चुकलेला सल्ला

आता कबुलीकडे येतो. २००१ मध्ये आपल्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. इंटरमीडिएटला एमपीसी घ्यावे की बायपीसी, हा प्रश्न होता. तिला गणितात आणि जीवशास्त्रात सारखीच गती होती. दोन्ही विषय पुढे नेता येतील असे काही आहे का, असे तिने विचारले. मी वडीलधाऱ्याच्या अधिकाराने सांगितले, "दोन दगडांवर पाय ठेवू नकोस." तिने बायपीसी घेतले, गणित सुटले.

बी.एस्सी. झाल्यावर तिला एका खाजगी संस्थेची जाहिरात दिसली. जैवमाहितीशास्त्राची एक वर्षाची पदविका आणि नोकरीची हमी. वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन शुल्क भरले. वर्षभर तिला शिकविले ते इतकेच की कोणत्या चौकटीत ओळ टाकायची आणि कोणती कळ दाबून निकाल छापून घ्यायचा. एका प्रयोगशाळेत मुलाखतीला गेली, तेव्हा तिला विचारले, "या जुळणीला एवढे गुण कसे मिळाले, ते सांगा." मघाशी आपण जो हिशेब केला, तोच प्रश्न. तिला तो कोणी शिकविला नव्हता. नोकरी मिळाली नाही, आणि हमी देणारी संस्था दुसऱ्याच वर्षी बंद झाली.

ती माझ्याकडे पुन्हा आली तेव्हा रागावलेली नव्हती, याचेच मला अधिक वाईट वाटले. म्हणाली, "काका, ते दोन विषय नव्हतेच हो. एकच होता. कोणी सांगितलंच नाही." पुढे तिने इंटरची गणिताची पुस्तके घरी बसून सोडविली, संख्याशास्त्र शिकली, संगणकाची भाषा शिकली, एम.एस्सी. केले. प्रकल्पांवरील तात्पुरत्या जागांवर पाच वर्षे काम केले. त्यांत दोन वेळा मानधन चार-चार महिने उशिरा मिळाले. अखेर ती पीएच.डी. झाली. आज ती एका रुग्णालयाच्या जनुकीय निदान विभागात आहे. दुर्मीळ आजाराच्या मुलांचे पाठ वाचून कोणती चूक रोगाची आणि कोणती निरुपद्रवी, याचा निर्णय ती डॉक्टरांपुढे मांडते. तिच्या संमतीने, नाव न घेता हे सांगत आहे. माझ्या एका वाक्याने तिची उमेदीची काही वर्षे गेली. ती परत देता येणार नाहीत. निदान पुढच्या मुलांची जाऊ नयेत.

काम कोठे आणि कोणत्या अटींवर

राजमार्ग संशोधनाचा. सीएसआयआर-यूजीसी नेट, गेट, जैवतंत्रज्ञान विभागाची कनिष्ठ संशोधकांची परीक्षा, तसेच टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि तिच्याशी संलग्न केंद्रांची जीवशास्त्र व आंतरविद्याशाखीय प्रवेश परीक्षा, यांतून पीएच.डी.ची दारे उघडतात. कनिष्ठ संशोधकाचे विद्यावेतन जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये ठरविण्यात आले. पीएच.डी.नंतरच्या सहयोगी संशोधकासाठी ते ५८,००० पासून ६७,००० पर्यंत ठरले. मध्यमवर्गीय घरातील मुलाला घरच्यांवर भार न टाकता शिकता येईल, इतके हे निश्चित आहे. परंतु त्यावर घर चालवायचे असेल, तर ओढाताण होते हेही सांगितले पाहिजे.

आपल्या शहराचे भाग्य असे की यासाठी फार दूर जावे लागत नाही. सीसीएमबी, १९९६ मध्ये सुरू झालेले डीएनए अंगुलिमुद्रण व निदान केंद्र, हैदराबाद विद्यापीठातील प्रणाली व संगणकीय जीवशास्त्र विभाग, ट्रिपल आयटीतील संगणकीय निसर्गविज्ञान व जैवमाहितीशास्त्र केंद्र, आणि इक्रिसॅट, या सर्व संस्था याच शहरात किंवा वेशीवर आहेत. पुण्यात विद्यापीठ, सी-डॅक आणि आयसर. बंगळूरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आणि जैवमाहितीशास्त्राला वाहिलेल्या संस्था. चेन्नईला गणितीय विज्ञान संस्था.

दुसरी वाट प्रकल्प सहयोगीची. एखाद्या संशोधकाला अनुदान मिळते आणि ते असेपर्यंत जागा असते. मुदत एक ते तीन वर्षे, नूतनीकरण बहुधा वर्षावर्षाने. शिकण्यासाठी ही जागा उत्तम. तिला कायमची नोकरी समजणे घातक. कायम स्वरूपाच्या शास्त्रज्ञाच्या आणि प्राध्यापकाच्या जागा थोड्या आहेत आणि त्यांसाठी पीएच.डी.नंतरही काही वर्षे देशात किंवा परदेशात काम करावे लागते.

तिसरी वाट रुग्णालये आणि निदान प्रयोगशाळांची. तिचे उदाहरण वर आलेच. चौथी उद्योगांची. औषधनिर्मिती, बियाणे, जनुकवाचन यांतील कंपन्या आणि मोठ्या संगणक कंपन्यांचे जीवविज्ञान विभाग माहितीचे विश्लेषण करणारी माणसे नेमतात. तेथे वेतन अधिक असते. प्रश्न मात्र बहुधा दुसऱ्याने ठरविलेले असतात.

पाचवी वाट फारशी कोणाला ठाऊक नसते, आणि माझ्यासारख्या भाषेच्या माणसाला ती विशेष जवळची वाटते. ती म्हणजे माहितीसंचयाच्या संपादकाची. शेकडो शोधनिबंध बारकाईने वाचून, कोणत्या प्रथिनाबद्दल काय सिद्ध झाले आणि काय केवळ सुचविले आहे, हे वेगळे करून नोंदविणे, हे त्याचे काम. बंगळूरच्या एका संस्थेने अमेरिकेतील विद्यापीठाच्या सहकार्याने २००३ मध्ये मानवी प्रथिनांचा जो संदर्भसंचय प्रसिद्ध केला, तो जीवशास्त्रज्ञांनी निबंध वाचून, हाताने नोंदी करून घडविला होता. उत्तम संपादकाला जी शिस्त लागते, तीच येथे लागते.

कोणतीही जागा स्वीकारण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत, असे मला त्या विद्यार्थिनीने सांगितले. अनुदान कोणाचे आणि कोणत्या तारखेपर्यंत? मानधन उशिरा आल्यास संस्था काय करते? केलेल्या कामावर माझे नाव येईल का? आणि येथे मला काय शिकायला मिळेल? नोकरीच्या हमीची जाहिरात करणाऱ्या अभ्यासक्रमाबाबत पाचवा प्रश्न. मागच्या तीन वर्षांचे विद्यार्थी आज कोठे आहेत? उत्तर टाळले, तर पैसे भरू नयेत.

तयारी कशी करावी

अलीकडे अनेक पालक विचारतात की कृत्रिम बुद्धिमत्ता आली, आता हे काम तरी उरेल का? प्रश्न रास्त आहे. प्रथिनाच्या अक्षरक्रमावरून त्याचा आकार सांगणे ही अर्धशतकाची समस्या होती. अल्फाफोल्ड या प्रणालीने २०२० मध्ये तीत मोठी मजल मारली. २०२२ मध्ये वीस कोटींहून अधिक प्रथिनांचे अनुमानित आकार विनामूल्य उपलब्ध झाले. आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाले. तेव्हा केवळ कळ दाबून निकाल काढणाऱ्याची गरज कमी होत जाणार, हे उघड आहे. परंतु यंत्राने दिलेला आकार कोठे विश्वासार्ह आहे, कोठे नाही, आणि पुढचा प्रश्न कोणता, हे ठरविणारा जाणता वाचक लागणारच.

म्हणून मुलांनो, गणित सोडू नका, आणि जीवशास्त्र म्हणजे पाठांतर असे समजू नका. बायपीसी घेतलेल्यांनी संख्याशास्त्र आणि बीजगणित घरी तरी चालू ठेवावे; एमपीसी घेतलेल्यांनी पेशी, जनुक आणि उत्क्रांती यांवरचे एक चांगले पुस्तक मन लावून वाचावे. पायथन आणि आर या दोन संगणकभाषा या क्षेत्रात सर्रास वापरल्या जातात; दोन्ही विनामूल्य आहेत. एनपीटीईएल आणि स्वयम् यांवरील आयआयटीच्या प्राध्यापकांचे पाठ घरबसल्या ऐकता येतात. जगातील प्रमुख जनुकीय माहितीसंचयही सर्वांना खुले आहेत. लाखो रुपयांच्या प्रयोगशाळेवाचून, एका साध्या संगणकावर खरे संशोधन सुरू करता येईल अशी विज्ञानशाखा माझ्या पिढीने पाहिली नव्हती.

माध्यमाबद्दलही दोन शब्द. मराठी शाळेतील मुलाला हे झेपेल का, असे भीत भीत विचारले जाते. ज्या शहरात १९१८ मध्ये उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देणारे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, त्या शहरात तरी ही भीती असू नये. आपली मुले घरी मराठी, बाजारात तेलुगू, मित्रांत दखनी आणि वर्गात इंग्रजी बोलतात. एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाण्याची त्यांना जन्मापासून सवय आहे. कल्पना मराठीतून नीट समजून घ्या. मात्र शोधनिबंध इंग्रजीत लिहावे लागतात, तेव्हा ते लेखनही तितक्याच कष्टाने शिका.

शाळेला माझी एक विनंती आहे. नववी-दहावीच्या वर्गांना वर्षातून एक दिवस गणित आणि जीवशास्त्र या दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी मिळून एकच तास घ्यावा. मघाशी जे अकरा अक्षरांचे उदाहरण दिले, तेवढे फळ्यावर मांडले तरी पुरे. त्या तासाला आपल्या त्या माजी विद्यार्थिनीला बोलवावे. यायला ती तयार आहे. वाट निवडण्यापूर्वी ती वाट आहे, एवढे तरी मुलांना कळले पाहिजे.

गुरुजींनी आम्हांला चूक कोठे आहे ते दाखविण्यापेक्षा ती झाली कशी, हे विचारण्याची सवय लावली. माझी चूक कशी झाली, याचा मी पुष्कळ विचार केला. ज्या शास्त्राची मला ओळख नव्हती, त्याविषयी मी वयाच्या अधिकाराने बोललो, एवढेच तिचे कारण. आजचे व्याख्यान हे त्या चुकीचे शुद्धिपत्र समजावे.